‘परतीची तारीख’ या आठ गाण्यांची व्यवस्था

मी, शालन कल्लाप्पा आवटी, वय वर्षे ६३, अविवाहित, निवृत्त ग्रंथपाल, राहणार गावभाग, सांगली, आज कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, तर आपल्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. डॉ. संयोगिता मगदूम यांनी सकाळी मला तपासले आणि “बुद्धी शाबूत आहे, गुडघे नाहीत” असे तोंडी सांगितले. लेखी दाखल्यात त्यांनी फक्त बुद्धीचा उल्लेख केला आहे. तो दाखला सोबत आहे.

कलम १. यापूर्वी २०१२ साली मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात एक वाक्य असे होते: “कॉटखालच्या ट्रंकेतील ध्वनिफिती रद्दीत द्याव्यात.” मी आणि नाथाजी जोतिबा फडतरे यांनी १९९५ साली काढलेल्या ‘परतीची तारीख’ या आठ गाण्यांच्या कॅसेटची ती मूळ फीत आणि न खपलेला साठा होता. आमची ती पहिली कॅसेट. दुसरी निघालीच नाही. सतरा वर्षांत माझ्या दारात येऊन कोणी तिच्याविषयी चकार शब्द काढला नव्हता, म्हणून लोक विसरले असे मी धरून चालले. मी चुकले. किती चुकले ते नोंदवायचे असल्यामुळे हे मृत्युपत्र वकिलांना रुचेल त्याहून लांब झाले आहे.

कलम २. गावभागातील तळमजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर मी पगारातून घेतले आहे. वडिलांच्या हळदीच्या पेढीशी त्याचा संबंध नाही. ते मी माझा भाचा आर्जव भूपाल आवटी याला देत आहे. कारण पुढे कलम ८ मध्ये सांगितले आहे. आर्जवने एवढे लक्षात ठेवावे की कृष्णेचे पाणी वाढू लागले की आधी पुस्तके माळ्यावर चढवायची.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते मी जिथे नोकरी केली त्या वाचनालयाला. त्यातून फक्त शब्दकोश घ्यावेत. कादंबऱ्या लोक आपणहून घेतात.

कलम ४. वाचनालयाची जुनी कार्ड-सूची मोडीत निघाली तेव्हा तिचे सागवानी खोके मी मागून घेतले. त्यातल्या कार्डांच्या पुढच्या बाजूला पुस्तकांची नावे आहेत, मागच्या बाजूला माझ्या ओळी आहेत. हे खोके कार्डांसह नाथाजींना द्यावे.

नाथाजी वडूजचे. पंधरा वर्षे फौजेत काढून १९९४ साली सांगलीत आले आणि आमच्या शेजारच्या बँकेत पहारेकरी म्हणून लागले. जेवणाच्या सुट्टीत बंदूक बँकेत ठेवून ते पुस्तक बदलायला येत. गिटार ते फौजेत शिकले होते. त्यांच्या तुकडीतल्या एका मिझो जवानाने हातमोजे काढायला लावून, बर्फात शिकवली. हे मला पुष्कळ नंतर कळले. मला दिसायचा तो खाकी कपड्यातला, कवितांची पुस्तके नेणारा आणि कधीही उशीर न करणारा सभासद. एकदा मात्र त्यांनी पंधरा दिवस उशीर केला. पुस्तक टेबलावर ठेवून त्यांनी वरच्या खिशातून एक कार्ड काढले.

“बाई, ह्ये तुमचं हाय का?”

“माझंच. कुठं मिळालं?”

“पुस्तकात ऱ्हायलं हुतं. म्या त्याला चाल लावलीया. राग आला असंल तर सांगा, काढून टाकतो.”

लावलेली चाल काढून कशी टाकतात, असे मी विचारले. ते म्हणाले, “तेबी खरंच. आता न्हाई निघायची ती.”

वाचनालयाच्या मागच्या पायरीवर बसून त्यांनी ते गाणे हळू आवाजात म्हणून दाखवले. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीबद्दल ते होते. एकाखाली एक उमटलेल्या परतीच्या तारखा, आणि दर तारखेमागे एक माणूस, जो ते पुस्तक उशाशी घेऊन झोपला असेल. अकरा वर्षे मी त्या चिठ्ठ्यांवर शिक्के मारत होते. माझ्या ओळी कोणाला तोंडपाठ झालेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या.

लोक आजही विचारतात म्हणून इथे लिहून टाकते. आमच्यात तसे काही नव्हते. नाथाजींची बायको मनुबाई दर शनिवारी वडूजहून एसटीने येई, भाकऱ्या सोडी आणि आम्हांला समोर बसवून नवे गाणे म्हणायला लावी. ‘विभक्ती’ ऐकून ती म्हणाली होती, “आवं, ह्ये गाणं न्हवं. ह्ये तर कुणीतरी कुणालातरी धाडल्यालं पत्र हाय.” आमची पहिली समीक्षा ती. एवढी चांगली परत झाली नाही.

कलम ५. रेकॉर्डिंग गुंडा चौगुले यांनी केले. गुळाच्या गोदामावरची त्यांची खोली होती, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. तिथे ते भजने आणि निवडणुकीच्या घोषणा ध्वनिमुद्रित करत. खाली गुऱ्हाळातून नुकत्याच आलेल्या ढेपा उतरत आणि त्या वासाने घसा धरे. चार दिवसांत आठ गाणी झाली. दोन गिटार, एक डफ, नाथाजींचा आवाज आणि माझा. ‘तळटीप’ गाताना मी तीनदा अडखळले. गुंडाभाऊंनी चौथ्यांदा यंत्र सुरू केले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे मला लाज वाटू नये. त्यांच्याबद्दलची माझी कृतज्ञता इथे नोंदवते. माझा टेपरेकॉर्डर त्यांना द्यावा. ते म्हणतील, हा भंगार आहे. तरी घ्यायला लावावा.

कलम ६. माझे राग. हे वारसाहक्काने कोणाकडे जाऊ नयेत म्हणून इथेच निकालात काढते.

(अ) पुण्याच्या त्या दुकानदाराचा, ज्याने आमची खोकी न उघडता परत पाठवली. सोबत चिठ्ठी होती: “हे भावगीत नाही, लोकगीत नाही, सिनेमाचे नाही. कोणत्या कप्प्यात ठेवू?” आयुष्यभर कप्पे करत आलेल्या बाईला हे लिहिले होते! सोडला.

(आ) ज्या समीक्षकाने वृत्तपत्रात “या बाईंनी शब्दकोशाला तारा लावल्या आहेत” असे छापले, त्यांचा. त्या वाक्यानंतर मी सात महिने काही लिहिले नाही, आणि नंतर लिहिले ते गायले नाही. श्रोत्यांनी आता तेच वाक्य टी-शर्टवर छापून घेतले आहे आणि अभिमानाने घालतात. एक मलाही दिला. समीक्षक हयात असतील तर माझा टी-शर्ट त्यांना पाठवावा. मापाने मोठा आहे.

(इ) भूपालदादाचा राग कलम ८ मध्ये.

कलम ७. ‘परतीची तारीख’च्या अडुसष्ट कॅसेटी, त्यांच्यासोबत आलेल्या चिठ्ठ्यांसह, मी औंधच्या स्वप्नाली इंगळे यांच्या स्वाधीन करते. त्या कशा जमल्या ते असे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात मला होडीतून बाहेर काढले. पाणी ओसरल्यावर परत आले तेव्हा ट्रंकेत गुडघाभर चिखल होता. मूळ फितीचे वेढे एकमेकांना चिकटून वडी झाली होती. कॅसेटींतून गाळ गळत होता. मी रडले नाही. रद्दीवाल्याचे काम नदीने केले, असे मनाशी म्हटले आणि खराटा घेतला.

घरे साफ करायला ठिकठिकाणची माणसे येत होती. औंधहून शिक्षकांची एक तुकडी आली. त्यातली एक पस्तिशीची बाई ट्रंक बाहेर ओढताना झाकणावरचे नाव वाचून थबकली.

“शालन आवटी? ‘विभक्ती’वाल्या?”

मी हो म्हटले. ती होती तिथेच चिखलात बसली. मग तिने ते गाणे म्हणायला सुरुवात केली, खराटा हातात धरूनच:

“प्रथमेला तू नुसता होतास, प्रत्यय नव्हता काही,
द्वितीयेला मी ‘तुला’ म्हणाले, वळून पाहिले नाही.”

ही स्वप्नाली. शाळेत मराठी शिकवते. तिला विभक्ती तिच्या बाईंनी या गाण्यावरून शिकवल्या आणि ती आपल्या वर्गाला तशाच शिकवते. “आमच्याकडं मुलं परीक्षेत गुणगुणतात, बाई. पर्यवेक्षक दटावतात, पण उत्तरं बरोबर येतात.” चोवीस वर्षे खटाव तालुक्यात मुले माझे गाणे म्हणत होती, आणि मी इथे सांगलीत कॉटखाली रद्दी सांभाळत होते.

मूळ फीत गेली हे कळल्यावर स्वप्नालीने त्याच दिवशी मोबाईलवरून सगळीकडे लिहिले: “ज्यांच्या घरी ही कॅसेट असेल त्यांनी पाठवा. गाणी बुडाली आहेत, ती वर काढायची आहेत.” मला वाटले, दोन-तीन येतील. महिन्याभरात अडुसष्ट आल्या. एसटीच्या पार्सलने, टपालाने, हातोहात. साताऱ्याच्या एका जोडप्याने लग्नातल्या भेटीच्या पेटीतून काढून दिली. लेहला असलेल्या सुभेदाराने पाठवलेली फीत तीन ठिकाणी तुटून नखांच्या रंगाने जोडलेली होती. चिठ्ठीत लिहिले होते, “चौकीवर आम्ही अकराजण होतो, कॅसेट एकच. परत हवी आहे.” पुढे नव्या गाण्यांची प्रत मिळाल्यावर त्याने ही इथेच राहू द्या असे कळवले. एका कॅसेटीत ‘तळटीप’च्या मध्येच कुणाच्या तान्ह्या मुलीचे हसणे रेकॉर्ड झाले होते. आईने क्षमा मागितली होती आणि तेवढा तुकडा जपून ठेवण्याची विनंती केली होती.

गुंडाभाऊ तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी जुने यंत्र दुरुस्त केले आणि कान लावून बसले. इथली दोन वाक्ये बरी, तिथला एक अंतरा बरा, असे निवडून त्यांनी आणि स्वप्नालीने संगणकावर सात गाणी पुन्हा उभी केली. आठवे होईना. अडुसष्टही कॅसेटींत ‘विभक्ती’चे तिसरे कडवे झिजले होते. नुसती खरखर.

“मागं घिऊन घिऊन ऐकलंय बाई लोकांनी,” गुंडाभाऊ म्हणाले. “आवडलं म्हणूनच गेलं ह्ये.”

नव्याने गाऊन टाकू, असे कोणीतरी सुचवले. नाथाजींनी मान हलवली. “त्यो आवाज तवाचा हाय. आता गायलो तर लोक म्हंतील, ह्यी दोघं कोण?”

कलम ८. माझे थोरले भाऊ भूपाल कल्लाप्पा आवटी यांच्याविषयी. आमचे जैन व्यापाऱ्याचे घर. बहीण एका फौजी माणसाबरोबर गाणी म्हणते हे पेढीवर येणारे लोक दादाला हसून विचारत. ते त्याला सोसले नाही. कॅसेट निघाली तेव्हा पहिली प्रत मी त्याला नेऊन दिली. तो म्हणाला, “ह्याचं वरचं प्लॅस्टिकसुद्धा फोडणार न्हाई मी.” त्या दिवशी मी घर सोडले. चोवीस वर्षे आम्ही एकाच गावात राहिलो आणि मयतीला भेटणाऱ्या नातेवाइकांकडून एकमेकांना खुशाली कळवत राहिलो.

महापुराच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आर्जव गुंडाभाऊंच्या खोलीवर आला. त्याने आमची अडचण मोबाईलवर वाचली होती. मागून जिना चढत, धापा टाकत दादा आला. हातात कॅसेट होती. तिच्यावरचे प्लॅस्टिक जसेच्या तसे होते. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

“तिजोरीत हुती,” तो म्हणाला. “टाकवली बी न्हाई.”

प्लॅस्टिक त्यानेच फोडले. गुंडाभाऊंनी फीत लावली, आणि त्या गादीच्या खोलीत माझा तेहेतीस वर्षांचा आवाज स्वच्छ उमटला:

“पंचमीला मी घरून निघाले, षष्ठीला झाले माझी,
सप्तमीला या गावात उरले, हाक तेवढी ताजी.”

दादा खुर्चीच्या कडेवर बसला होता. कडवे संपले. त्याने पुन्हा लावायला सांगितले. मग म्हणाला, “शालू, ह्यात वाईट काय हुतं गं?”

“काहीच नव्हतं, दादा.”

“मग मला कुणी सांगितलं न्हाई ते.”

मी सांगायला हवे होते. मी अडून बसले, तो अडून बसला. त्याच्या वाट्याची चूक त्याने जिना चढून भरून काढली. माझ्या वाट्याची मी इथे लिहून ठेवत आहे.

गुंडाभाऊ हरखून म्हणाले, आता सगळी आठ गाणी याच कॅसेटीवरून घेऊ, कोरी करकरीत आहे. मी नाही म्हटले. एवढे कडवे दादाच्या कॅसेटीतून घ्या. बाकी गाणी ज्यांनी ऐकून झिजवली त्यांच्याच कॅसेटींतून राहू देत, खरखरीसकट. आज इंटरनेटवरून जगभर जी ‘परतीची तारीख’ ऐकू येते ती अशी अडुसष्ट घरांची अधिक एका तिजोरीची आहे. नीट कान दिला तर पाचव्या गाण्यात ते तान्हे बाळ हसते. त्याच्या आईच्या परवानगीने आम्ही ते राहू दिले.

दादा पुढे दोन वर्षे जगला. पेढीवर तो रोज सकाळी आठही गाणी लावी, आणि हळद तोलणारे हमाल माझे शब्द म्हणत. दादाचा राग सोडला असे लिहिणे खोटे ठरेल, कारण तो त्या जिन्यावरच संपला होता. घर आर्जवला द्यायचे कारण हे. वडिलांना हाताला धरून वर आणण्याचे काम त्याने केले. ती कॅसेट आणि फोडलेले प्लॅस्टिकही त्याच्याकडेच राहील.

कलम ९. गाण्यांचे हक्क. शब्द माझे, चाली नाथाजींच्या. मुंबईच्या एका कंपनीला ती विकत घेऊन नव्या गायकांकडून गाऊन घ्यायची होती. त्यांच्या माणसाने फोनवर विचारले, “मॅडम, षष्ठी म्हणजे काय?” मी समजावून सांगितले. तो म्हणाला, “त्याऐवजी काही सोपं टाकता येईल?” मी फोन ठेवला.

सर्व हक्क मी ‘परतीची तारीख श्रोता मंडळ, औंध’ या नोंदणीकृत संस्थेला देत आहे. अध्यक्ष स्वप्नाली इंगळे. अट अशी की ही गाणी कोणालाही, कुठेही, विनापरवाना म्हणता यावीत, आणि त्यातला एकही शब्द सोपा करू नये. नाथाजींची संमती घेतली आहे. त्यांनी सही करताना वकिलांना सुनावले, “माझ्या चाली म्या कवाच लोकास्नी देऊन बसलोय. तुमचा कागुद आता आला व्हय?”

कलम १०. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. जे सांगण्याजोगे होते ते या वर्षी जानेवारीत सांगलीच्या नाट्यगृहात घडले आहे.

गाण्यांना तीस वर्षे झाली म्हणून श्रोता मंडळाने संध्याकाळी पाचचा कार्यक्रम ठेवला. मला वाटले, निम्म्या खुर्च्या भरल्या तरी पुरे. चारलाच खुर्च्या संपल्या. माणसे जिन्यात बसली, वाहनतळात दुचाक्यांवर बसली, आणि आयोजकांनी बाहेर कर्णे लावले. लेहचा तो सुभेदार निवृत्त होऊन आला होता, त्याच्याबरोबर अकरापैकी सातजण. औंधहून दोन एसटी भरून मुले आली होती. मनुबाई पहिल्या रांगेत, नवे लुगडे नेसून.

नाथाजींच्या डाव्या हाताची बोटे आता सांधेदुखीने आखडतात. सहा गाणी त्यांनी निभावली. सातव्याला, ‘विभक्ती’च्या दुसऱ्या कडव्याच्या शेवटी, तर्जनी तारेवर अडकली ती उचलेना. गिटार थांबली. मीही थांबले. मनुबाई अर्धवट उठली. मला वाटले, झाले, आता पडदा पाडतील.

कोणी सुरुवात केली ते मला दिसले नाही. मागून कुठूनतरी “पंचमीला मी घरून निघाले” असे आले. मग जिन्यातून, मग सगळ्या सभागृहातून, मग बाहेरच्या वाहनतळातून. साथ नाही, ताल नाही, आणि सूर एकही चुकला नाही. षष्ठीवर सगळे किंचित थांबतात, जिथे मी १९९५ साली श्वास घेतला होता. तेवढाच, तिथेच. माझा श्वाससुद्धा त्यांना पाठ होता.

नाथाजींनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. “बाई,” ते म्हणाले, “बसा आता. आपलं काम न्हाई हितं.”

मी रंगमंचावर मांडी घालून बसले आणि समोरच्यांनी ‘विभक्ती’ संपवून आठवे गाणेही म्हटले ते ऐकत राहिले. त्यांच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदाच कळले की आमची गाणी चांगली होती.

कलम ११. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी ॲड. वीरधवल माने यांना नेमते. त्यांच्याकडच्या नमुन्यात “मला मूलबाळ अथवा सरळ वारस नाही” असे तयार वाक्य होते. ते मी खोडायला सांगितले. ते म्हणाले, “मॅडम, कायद्याने ते बरोबर आहे. वारसांबद्दल काहीतरी लिहावंच लागेल.” पुष्कळ विचार करून मी सांगितले ते त्यांनी हसून टंकलिखित केले. ते असे: वारसांची यादी फार लांब असल्यामुळे सोबत जोडलेली नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि समाधानाने खाली सही करत आहे.

ठिकाण: सांगली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही)
शालन कल्लाप्पा आवटी

शालन आवटी यांनी आम्हां दोघांच्या समक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. या मृत्युपत्रातून आम्हांला काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार १. (सही) राजेश्वरी शांतिनाथ बिरनाळे, शेजारी, गावभाग, सांगली

साक्षीदार २. (सही) नानासो बाळगोंडा खोत, निवृत्त पोस्टमन, सांगली. अडुसष्टपैकी एकोणीस पार्सले मी स्वतः पोहोचवली.